कोलंबस, इंडियाना: नोव्हेंबरचं मत आणि मे महिन्याचं मत

कोथरूड_ते_कोलंबस

5 नोव्हेंबर 2024. पहाटे पावणेसहाला काळोखात रांगेत उभा होतो. पुढे पंधरा-वीस माणसं, त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर कारखान्याचं जॅकेट. इंडियानात मतदान सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच. पाळीत काम करणाऱ्याला संध्याकाळची खात्री नसते, म्हणून तो पहाटेच येऊन जातो. 2007 साली पुण्याहून इथे आलो, तेव्हापासून याच गावात आहे. प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेत नाव लागल्याची तारीख) 2009 ची, ग्रीन कार्ड 2018 च्या अखेरीस, नागरिकत्वाची शपथ 2024 च्या मार्चमध्ये. 17 वर्षं कर भरला, दोन मुलं इथल्या शाळेत शिकली, आणि मत मात्र पहिल्यांदाच. बाहेर येऊन कोथरूडला फोन लावला तर आईचा पहिला प्रश्न, "शाई लावली का रे?" इथे शाई नसते, स्टिकर देतात. तो तिला व्हिडिओवर दाखवला.

धागा काढायचं कारण असं. न्यू जर्सीचे मित्र, पुण्यातले काका, सगळे एकच विचारतात: "तुमच्याकडे सगळे ट्रम्पवाले ना?" आकडा बघितला तर त्यांचं चुकत नाही. आमच्या बार्थोलोम्यू काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) 1964 नंतर अध्यक्षपदासाठी एकदाही डेमोक्रॅट उमेदवाराला आघाडी दिलेली नाही. 2008 मध्ये ओबामांनी इंडियाना राज्य जिंकलं, साधारण 28 हजार मतांनी, तेव्हाही आमची काउंटी रिपब्लिकन मॅकेन यांच्याकडेच राहिली. ट्रम्प तिन्ही वेळा 60 टक्क्यांच्या वर. ट्रम्प यांचे पहिल्या वेळचे उपाध्यक्ष माइक पेन्स जन्मले ते याच गावात. पण 17 वर्षं बघून माझं मत असं झालंय की नोव्हेंबरचा तो आकडा बघून हे गाव कळत नाही. इथला खरा निकाल मे महिन्यातल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत लागतो, आणि त्या दिवशी आपल्यापैकी जवळजवळ कुणीच तिथे नसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं गावाबद्दल. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला 70-72 किलोमीटर, 2020 च्या जनगणनेत 50,474 वस्ती. बाहेर पडलं की मका आणि सोयाबीन. मधोमध 1874 चं कोर्टहाउस, आणि त्याच्या आसपास नामवंत आर्किटेक्टची कामं: आय. एम. पेई यांची लायब्ररी, सारिनेन पिता-पुत्रांची चर्चेस. एवढ्या लहान गावात हे आलं कुठून? डिझेल इंजिनं बनवणारी कमिन्स 1919 साली इथे सुरू झाली, आणि तिचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी 1950 च्या दशकात कंपनीच्या फाउंडेशनतर्फे गावाला सांगितलं की शाळा बांधायची तर चांगला आर्किटेक्ट घ्या, त्याची फी आम्ही भरतो. पुण्याशी संबंधही त्याच काळातला, 1962 मध्ये किर्लोस्करांबरोबर कोथरूडचा कारखाना. आपण निम्मे लोक त्याच धाग्याने इथे आलो.

हे मिलर रिपब्लिकन होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसचे पहिले बिगर-पाद्री अध्यक्ष तेच. 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या मागे ते उभे राहिले. 1967 मध्ये एस्क्वायर मासिकाने मुखपृष्ठावर त्यांचा फोटो छापून हा माणूस अमेरिकेचा पुढचा अध्यक्ष व्हायला हवा असं लिहिलं. आणि पेन्स यांचं घर आयरिश कॅथलिक, मुळात डेमोक्रॅट. 1980 मध्ये त्यांनी स्वतः कार्टर यांना मत दिलं होतं. रिपब्लिकन झाले ते नंतर. म्हणजे याच गावातला एक रिपब्लिकन नागरी हक्कांसाठी उभा राहिला आणि एक डेमोक्रॅट पोरगा पुढे ट्रम्प यांचा उपाध्यक्ष झाला. नकाशावरचा रंग एकच, आत किती थर आहेत बघा.

तुमचे अनुभव लिहा. वेगळ्या मताच्या लोकांनीही लिहा, मला खरंच ऐकायचंय.

---

मक्याच्या_बांधावर

मी वेगळ्या मताचा, म्हणून आधी लिहितो. होपजवळ राहतो, गावापासून वीस मिनिटं. छोटं मशीन शॉप आहे, अकरा माणसं कामाला. 2016 पासून नागरिक आहे आणि तिन्ही वेळा रिपब्लिकन मत दिलंय. लपवत नाही, आणि लाज वाटावी असंही काही केलेलं नाही.

कारणं साधी आहेत. माझ्या वर्कशॉपवर लागणारा कर, विमा, आणि परवान्यांसाठी घालावे लागणारे हेलपाटे. 19 वर्षं कायद्याच्या रांगेत उभा राहून मी इथवर आलो, त्यामुळे सीमेवरून रांग मोडून येणाऱ्यांबद्दल माझा शेजारी बोलतो तेव्हा मला ते पटतं. पण शेजाऱ्याचं सगळंच पटतं असंही नाही. आमच्या भागात मत विचार करून बदलायची गोष्टच नसते. आजोबा ज्या चर्चमध्ये, नातू त्याच चर्चमध्ये, आणि मतही तसंच. आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल टू पॅनेल मतदान होतं ना, तसं. यंत्राच्या पडद्यावर अगदी सुरुवातीलाच सगळी मतं एका पक्षाला देण्याची सोय असते. एक बोट लावलं की अध्यक्षापासून काउंटीपर्यंत बहुतेक काम झालं.

तरी एक सांगतो. 2020 ची प्रायमरी कोविडमुळे 2 जूनला ढकलली गेली होती. त्यात शाळांसाठी मालमत्ता कर वाढवायचा का, असा प्रश्न होता, शिक्षकांचे पगार वाढवायला. माझ्या रस्त्यावर ट्रम्प यांचा झेंडा आणि शाळेला 'हो' म्हणा ही पाटी एकाच अंगणात मी बघितलीय. कर वाढवायचा म्हटलं की ज्यांच्या कपाळावर आठी येते त्याच लोकांनी तो ठराव मंजूर केला. मीही 'हो' म्हटलं. मुलं त्याच शाळेत आहेत, बाईंना दुसरी नोकरी करताना बघितलंय.

---

हॉ_क्रीक

वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन, आणि मुख्य मुद्द्याला तर जोरदार. मी दोनदा मतदान केंद्रावर काम केलंय, पहाटे पाचला हजर. केंद्रावर दोन्ही पक्षांची माणसं जोडीनेच बसवतात. कुणाला यंत्रापाशी मदत लागली तर दोघांनी मिळून जायचं, एकट्याने नाही. माझ्या जोडीला होत्या त्या आजी पक्क्या रिपब्लिकन, 30 वर्षं हे काम करणाऱ्या. दिवसभरात आम्ही राजकारणाबद्दल चकार शब्द बोललो नाही. डब्यातला उपमा मात्र त्यांनी अर्धा संपवला.

मे महिन्याचं का महत्त्वाचं, ते जरा नीट सांगते. आपल्याकडे तिकीट कुणाला ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. इथे ते मतदार ठरवतात, मे महिन्यात. आणि जिथे नोव्हेंबरमध्ये एकच पक्ष निवडून येणार हे ठरलेलं असतं, तिथे तिकीट मिळालं की जवळजवळ पदच मिळालं. आमच्या महापौरांचंच बघा. 2015 मध्ये पदावर असलेल्या क्रिस्टन ब्राउन यांना जिम लीनहूप यांनी हरवलं ते मेमधल्या रिपब्लिकन प्रायमरीत. 2023 मध्ये मेरी फर्डन यांनी माजी आमदार मिलो स्मिथ यांना हरवलं, तेही मेमध्येच. दोन्ही वेळा गावाची दिशा वसंत ऋतूतल्या एका मंगळवारी ठरली.

राज्यातलं उदाहरण याहून मोठं. रिचर्ड लुगार 36 वर्षं सिनेटर होते. भारत-अमेरिका अणुकराराचा कायदा 2006 मध्ये सिनेटमधून पुढे नेण्यात परराष्ट्र समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचा मोठा हात होता. 2012 च्या मे महिन्यात रिपब्लिकन प्रायमरीत रिचर्ड मर्डॉक यांनी त्यांना हरवलं. नोव्हेंबरमध्ये मर्डॉक हरले आणि जागा डेमोक्रॅट जो डॉनेली यांना गेली. आपल्या देशाशी एवढा संबंध असलेला माणूस पडला, आणि त्या दिवशी नागरिक असलेले माझ्या ओळखीतले किती जण मत द्यायला गेले? दोन. मी त्यात नव्हते. तेव्हापासून चुकवलेलं नाही.

---

प्राजक्ताचा_सडा

ताई, एक शंका आहे, आणि ती मला खरंच सतावते. मी डेमोक्रॅट आहे. मे महिन्यात रिपब्लिकन बॅलट (त्या पक्षाची मतपत्रिका) मागायचं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून त्यांचा कर्ता पुरुष आपण निवडायचा. ते बरोबर आहे का? इंडियानात नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही हे मान्य. पण कायद्यात लिहिलंय की गेल्या निवडणुकीत तुम्ही त्या पक्षाच्या बहुतेक उमेदवारांना मत दिलेलं असावं, किंवा तेव्हा मत दिलंच नसेल तर पुढच्या वेळी द्यायचा इरादा असावा. कुणी हरकत घेतली तर प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. व्यवहारात कुणी विचारत नाही म्हणून खोटं चालतं, असं मी मुलांना कसं सांगू?

2024 च्या मे महिन्यातलं बघा. रिपब्लिकन पक्षात ट्रम्प यांच्या विरोधात उभ्या असलेल्या निकी हॅली यांनी दोन महिने आधीच माघार घेतली होती, तरी इंडियानात त्यांना 20 टक्क्यांच्या वर मतं पडली. त्यातली किती मतं खऱ्या रिपब्लिकनांची आणि किती माझ्यासारख्यांची, कोण जाणे. माझ्या एका मैत्रिणीने तसं केलं. मला जमलं नाही.

---

हॉ_क्रीक

शंका योग्य आहे, आणि मी उडवून लावणार नाही. माझं उत्तर असं: काउंटीच्या पातळीवर मी खरोखरच बहुतेक रिपब्लिकनांना मत देते, कारण नोव्हेंबरमध्ये समोर दुसरं नावच नसतं. मग माझी सही खोटी कशी? पण ज्यांचं तसं नाही त्यांनी डेमोक्रॅट बॅलटच घ्यावं हे मान्य.

आणि दोन गोष्टी लक्षात ठेवा. मत गुप्त असतं, पण मेमध्ये कुठल्या पक्षाचं बॅलट घेतलं ते सरकारी नोंदीत राहतं आणि बघता येतं. शिवाय उद्या तुम्हालाच उभं राहायचं असेल तर ज्या पक्षातर्फे उभे राहाल, शेवटच्या दोन प्रायमरींत त्याच पक्षाचं बॅलट घेतलेलं असावं लागतं. नाहीतर काउंटी अध्यक्षाची मान्यता आणावी लागते. तेव्हा गंमत म्हणून इकडून तिकडे जाऊ नका.

---

इथलीच

मी इथे चौथीपासून बारावीपर्यंत शिकले, आता शिकागोत नोकरी करते. आईने हा धागा पाठवला. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका झाल्या तर समजून घ्या.

तुम्ही सगळे या गावाबद्दल खूप प्रेमाने लिहिताय आणि ते खरंही आहे. पण निवडणुकीनंतरच्या बुधवारी शाळेत बसलेलं मूल काय बघतं तेही यात असावं. 2016 ला मी नववीत होते. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोन मुलांनी माझ्या मेक्सिकन मैत्रिणीला "आता सामान भर" म्हटलं. त्यातला एक माझा लॅब पार्टनर होता. त्याच्या घरी मी पिझ्झा खाल्लेला, त्याच्या आईने मला गाडीने घरी सोडलेलं. तो मला काहीच बोलला नाही, कारण माझे बाबा इंजिनिअर. मला त्याचंच जास्त लागलं. आपल्याला या गावात जो मान मिळतो तो आपल्या बाबांच्या कंपनीच्या बॅजमुळे मिळतो का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

आणि याच गावात 2018 च्या एप्रिलमध्ये शाळेतल्या एका मुलीने पहिला प्राइड महोत्सव भरवला, पेन्स उपाध्यक्ष असताना, त्यांच्याच गावात. मी गेले होते. रस्ता भरला होता. सगळे बाहेरून आलेले नव्हते, माझे शिक्षक होते, ग्रंथपाल होत्या, चर्चमधले लोक पाण्याच्या बाटल्या वाटत होते. दोन्ही गोष्टी माझ्याच गावाच्या. एक सांगून दुसरी गाळली तर ते गाव माझं राहत नाही.

---

कोथरूड_ते_कोलंबस

हे वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. बॅजबद्दल तू जे म्हणतेस ते आम्ही मोठ्यांनी आपसात कधीच बोलत नाही. बोलायला हवं होतं. माझा मुलगा तेव्हा सहावीत होता, मी त्याला काहीच विचारलं नाही.

तुझ्या दोन गोष्टींवरून आठवलं. 2015 च्या मार्चमध्ये गव्हर्नर असताना पेन्स यांनी धर्मस्वातंत्र्याच्या नावाचा कायदा केला. समलिंगी गिऱ्हाइकांना दुकानदार नकार देतील अशी भीती होती. त्याविरुद्ध ज्या कंपन्या उघडपणे बोलल्या त्यात त्यांच्याच गावची कंपनी होती. आठवड्याभरात कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी समलिंगी विवाहावर बंदी घालणारी घटनादुरुस्ती रोखायलाही कमिन्सने जाहीर विरोध केला होता आणि पैसेही दिले होते. 2022 मध्ये गर्भपातावर बंदी आली तेव्हाही निवेदन काढलं. त्या आठवड्यांत माझ्या मजल्यावर याच्या बाजूचे आणि त्याच्या बाजूचे शेजारी-शेजारी बसून काम करत होते. जेवताना विषय निघाला की कुणीतरी बास्केटबॉलकडे वळवायचं.

---

मक्याच्या_बांधावर

मुली, तुझ्या मैत्रिणीला जे बोलले ते चूक होतं. मी ज्याला मत दिलं त्याच्या नावाने ते बोलले गेले, ही गोष्ट मी टाळत नाही. माझं मत बदललेलं नाही, पण माझ्या वर्कशॉपमध्ये असं कुणी बोललं तर काय करायचं हे मी 2016 लाच ठरवलं आणि एकदा केलंही. नावं लिहीत नाही.

बॅजचं मात्र मी वेगळं बघितलंय. 7 जून 2008 चा पूर हॉ_क्रीक ताईंना आठवत असेल, त्यांनी नावच त्या ओढ्याचं घेतलंय. गावातलं हॉस्पिटल रिकामं करावं लागलं होतं. मी तेव्हा भाड्याच्या घरात, व्हिसावर, बेसमेंटमध्ये छातीएवढं पाणी. तिसऱ्या दिवशी बूट घातलेली सहा माणसं आली, नाव न विचारता ओला गालिचा कापून बाहेर नेला, भिंतीचं ड्रायवॉल कमरेपर्यंत काढलं. मी कोण, काय करतो, कुणीच विचारलं नाही. त्यातला एक आजही माझा मित्र आहे. त्याचं मत कुणाला ते मला पुढे चार वर्षांनी कळलं.

---

वाट_पाहतेय

मी फक्त वाचत होते, पण आता लिहिते. आमची रांग अजून संपलेली नाही. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर, 14 वर्षं याच गावात. कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत या नियमात भारतीयांची रांग एवढी लांबलीय की आमचा नंबर कधी लागेल ते आम्ही मोजणं सोडलंय. घर आमचं, मालमत्ता कर आम्ही भरतो, शाळेचा तो वाढीव करही भरला, पण त्यावर मत देता आलं नाही. मला राग येत नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

इथे सगळे "आपल्यातले लोक मतदानाला जात नाहीत" म्हणतात, तर आपल्यातल्या कितीजणांना जाताच येत नाही तेही लिहा. माझ्या भिशीच्या गटात अकरा बायका आहेत. नागरिक तीन.

काही वर्षांपूर्वी गाडी चालवायच्या परवान्याचं नूतनीकरण करायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने सहज विचारलं, मतदार नोंदणी करायची का? हो म्हणता म्हणता राहिले. नंतर वकिलाकडून कळलं की नागरिक नसताना नोंदणी झाली असती तर ग्रीन कार्डाची आशाच संपली असती. नवीन आलेल्यांना हे सांगा, कृपा करून.

आणि एक खरा प्रश्न आहे. माझी मुलगी अमेरिकेतच जन्मली, ऑगस्ट 2026 मध्ये 18 पूर्ण करते. तिला मेमध्ये काही करता येईल का?

---

हॉ_क्रीक

येईल! इंडियानात नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत 18 पूर्ण होणार असतील तर 17 व्या वर्षी प्रायमरीत मत देता येतं. उमेदवार निवडता येतात, फक्त पक्षाचे प्रतिनिधी आणि सार्वमताचे प्रश्न यांवर देता येत नाही. 2026 ची प्रायमरी 5 मेला आहे, नोंदणी 29 दिवस आधी बंद होते, म्हणजे 6 एप्रिलपर्यंत करा. जाताना फोटो ओळखपत्र लागतं. शिवाय 16-17 वर्षांच्या मुलांना मतदान केंद्रावर काम करायलाही घेतात, पैसेही मिळतात. तिला आवडेल का विचारा, मी क्लर्क ऑफिसमध्ये बोलते.

तुमच्यासाठीही थोडं आहे. शाळा मंडळाच्या आणि नगर परिषदेच्या बैठकीत कुणीही बसू शकतं, बोलूही शकतं, नागरिकत्व विचारत नाहीत. 2025 च्या कायद्यानंतर शाळा मंडळाच्या उमेदवारांना नावापुढे पक्ष लावता येतो, तेव्हा आता त्या बैठका जास्तच बघण्यासारख्या असतील. ग्रीन कार्डवाल्यांना उमेदवाराला देणगी देता येते, व्हिसावाल्यांना नाही, तेवढं सांभाळा.

---

प्राजक्ताचा_सडा

लेकीचं काम झालं की कळवा. पहिल्या मताला पेढे आमच्याकडून.

---

वाट_पाहतेय

आत्ताच तिला सांगितलं. पायऱ्यांवरून धावत खाली आली आणि पहिला प्रश्न, "कुठल्या पक्षाचं बॅलट घेऊ?" मी म्हटलं, ते तू ठरव. मग रात्री जेवताना काउंटी कौन्सिलसाठी कोण कोण उभं आहे ते शोधत बसलो, तिघंही, एका फोनवर. वरण गार झालं. तिच्या बाबांना कौन्सिल नेमकं काय करतं ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तिनेच वाचून दाखवलं: काउंटीचा पैसा कुठे खर्चायचा ते हे सात जण ठरवतात.

---

मक्याच्या_बांधावर

आमच्या भागात उभे राहणाऱ्यांपैकी दोघांना मी ओळखतो, दोघेही रिपब्लिकन. एक रस्त्यांसाठी चांगला आहे, दुसरा फोन उचलत नाही. लेकीला विचारायचं असेल तर शनिवारी वर्कशॉपवर घेऊन या, पहिल्याला चहाला बोलावतो. तिने प्रश्न लिहून आणावेत.